उटण्यातल्या मुळांचं अत्तर

उटण्याची पुडी फोडली की जो वास नाकात शिरतो तो फुलांचा नसतो, मुळांचा आणि कंदांचा असतो. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद. गुलाबाच्या पाकळ्या त्यात असतात, चांगल्या उटण्यात चंदनही असतं, पण दिवाळी सरल्यावरही डोक्यात राहतो तो त्यातला मातकट, किंचित कापरासारखा थंडावा. मला तो वास वर्षभर अंगावर हवा होता. उटण्याच्या सुगंधाचे साबण मिळतात, अत्तर मात्र मनासारखं कुठे मिळेना. तेव्हा इसेन्शिअल ऑइल, म्हणजे वनस्पतींतून काढलेली सुगंधी तेलं, आणून घरीच करायचं ठरवलं, एकही कृत्रिम सुगंध न घालता.

घरगुती परफ्यूमच्या बहुतेक कृती युरोपातल्या सवयीने लिहिलेल्या असतात. वर, म्हणजे लावल्याबरोबर येणाऱ्या वासाला, बर्गमॉट किंवा लिंबू, मध्ये लॅव्हेंडर, खाली, म्हणजे शेवटी उरणाऱ्या वासाला, थोडंसं देवदार. तसं मिश्रण एप्रिलमध्ये पुण्यात भर दुपारी लावून पाहिलं, तर अर्ध्या तासात अंगावर जवळपास काही उरलं नाही. लिंबूवर्गीय तेलांत मुख्यतः लिमोनीन असतं. त्याचे रेणू हलके, ते झटकन उडतात, आणि त्वचा तापलेली असली तर आणखी लवकर. वाळा, नागरमोथा, चंदन यांच्यातले रेणू जड असतात आणि तासन्‌तास त्वचेवर बसून राहतात. म्हणून आपल्या हवेत अत्तर खालून वर बांधावं, असं माझं ठाम मत आहे. आधी मुळं ठरवायची, मग फुलं, आणि लिंबू-संत्र्याचा हात अगदी शेवटी.

तेलं घेण्याआधी मी कोरडे पदार्थ आणले. मंडईच्या आसपास काष्ठौषधींची जुनी दुकानं आहेत. तिथून वाळ्याची जुडी, नागरमोथ्याचे कंद, कपूरकाचरीचे वाळलेले काप आणि गव्हला घेतला. प्रत्येक वस्तू खलबत्त्यात वेगवेगळी कुटली, कोमट पाण्याचा हबका मारला आणि वाट्यांमध्ये झाकून ठेवली. ओल लागली की वास उघडतो. वाळा कोरडा असताना नुसता गवतासारखा वाटतो, भिजल्यावर त्याच्यात माती येते आणि मागाहून एक गोडसर थंडपणा. नागरमोथा त्याहून गडद, लाकडी, जरासा धुराकडे झुकणारा. शेतकऱ्याला नकोसा झालेल्या लव्हाळ्याच्याच कुळातला हा कंद, पण वास राजस. कपूरकाचरी आल्याच्या घराण्यातली, त्यामुळे कापूर, आलं आणि उदबत्तीचा गोडवा असं तिघांचं मिश्रण. गव्हला कडू बदामाच्या अंगाने जातो. त्याचं तेल मला मिळालं नाही, म्हणून तो यादीतून गेला. बाकीच्यांचे वास येता-जाता हुंगून नाकात पक्के बसवले. मनात मूळ वास स्पष्ट असला की बाटलीतलं तेल खरं आहे की नाही हे पटकन कळतं.

मुंबईला गेले तेव्हा मोहम्मद अली रोडवर एका अत्तराच्या दुकानात बराच वेळ बसले. दुकानातल्या वयस्कर चाचांना सांगितलं की उटण्यासारखा वास हवाय. त्यांनी काचेच्या कांडीने माझ्या मनगटाच्या मागच्या बाजूला रूह खस लावला. मी सवयीने मनगटं एकमेकांवर घासणार, तेवढ्यात त्यांनी हात धरला. "रगडो मत बेटा, बैठने दो. ये जल्दी का काम नहीं है." मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. चहा संपेपर्यंत त्या डागाचा वास निराळाच झाला होता. आधीचा हिरवा, दमट वास मागे सरला होता आणि खालून स्वच्छ, लाकडी, जवळजवळ दुधाळ असं काहीतरी वर आलं होतं. रूह खस म्हणजे वाळ्याच्या मुळांचं निव्वळ तेल. तांब्याच्या भांड्यात काढलं की तांब्यामुळे त्याला हिरवट झाक येते. चाचांनी दाखवलेली शिशी तशीच होती.

उत्तर प्रदेशातल्या कन्नौज या अत्तरांच्या गावाची पद्धत त्यांनीच समजावली. डेग म्हणजे तांब्याचं मोठं भांडं. त्यात फुलं आणि पाणी घालून तोंड मातीने लिंपतात, खाली लाकडाचा आणि शेणीचा जाळ. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती जिथे थंड होऊन साठते त्या भांड्यात, उतरते. भपका पाण्याच्या हौदात ठेवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचं तेल असतं. गुलाबाचा, केवड्याचा, मोगऱ्याचा सुवास त्या चंदनातच मुरतो. पहिल्या पावसाचा वास देणारं मिट्टी अत्तरही असंच होतं, फक्त फुलांऐवजी डेगेत भाजलेल्या मातीचे तुकडे घालतात. ही पद्धत ऐकली आणि आपल्या हवेत अत्तर खालून का बांधावं हे मला पुरतं उमगलं. अत्तरवाल्यांनी पाया आधीच ओतून ठेवलेला असतो.

तेलं निवडताना मी एकच नियम पाळला. बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव नसेल तर ती घ्यायची नाही. 'चंदन ऑइल' एवढंच लिहिलेल्या बाटलीत काहीही असू शकतं. 'सँटॅलम अल्बम' म्हणजे आपलं चंदन, 'सँटॅलम स्पिकॅटम' ऑस्ट्रेलियातलं. दुसरं स्वस्त आणि वासाला जास्त कोरडं. म्हैसूरचा सरकारी चंदन तेलाचा कारखाना १९१६ सालचा. तिथलं तेल लहान शिशीत मिळतं, महाग असतं, पण या अत्तरात चंदनावर काटकसर करू नये असं मला वाटतं. आणखी एक परीक्षा म्हणजे कोऱ्या कागदावर थेंब टाकून ठेवायचा. संत्र्याचं किंवा रोशा गवताचं तेल खरं असेल तर उडून गेल्यावर तेलकट डाग राहत नाही. राहिला तर त्यात साधं तेल मिसळलेलं आहे. वाळा आणि चंदनाला ही परीक्षा लावू नये. त्यांचा डाग खरेपणीही कितीतरी दिवस टिकतो.

हे सगळं कशात विरघळवायचं हा पुढचा प्रश्न. शुद्ध अल्कोहोल घरी सहज आणता येत नाही, त्यावर उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण असतं, आणि औषधांच्या दुकानातल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा स्वतःचा वासच इतका उग्र की वाळ्याचा गळा दाबला जातो. मी जोजोबाचं तेल घेतलं. ते खरं तर द्रव मेण आहे, त्यामुळे खवट होत नाही, आणि त्याला स्वतःचा वास जवळपास नसतो. खोबरेल तेल मला प्रिय, पण ते हिवाळ्यात थिजतं आणि आपला वास सोडत नाही. बदामाचं तेल काही महिन्यांत खवटतं.

खरं काम यानंतर सुरू झालं. प्रत्येक तेल जोजोबात दहा टक्क्यांवर आणलं, म्हणजे एक ग्रॅम तेल आणि नऊ ग्रॅम जोजोबा. चित्रकलेच्या जाड कागदाच्या बोटभर पट्ट्या कापल्या, टोकाला तेल लावून दुसऱ्या टोकाला नाव आणि वेळ लिहिली. लगेच, दहा मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगायचं आणि जे वाटेल ते वहीत लिहायचं. नाक थकलं की स्वतःच्या कोपराचा वास घ्यायचा, नाक पुन्हा ताळ्यावर येतं.

किती तेलं एकत्र करायची? वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचं, म्हणजे सुगंध मिसळण्याच्या कलेचं, प्रकरण आहे. सहाव्या शतकातलं. त्यात सोळा सुगंधी द्रव्यांमधून चार-चार निवडली तर १८२० मिश्रणं होतात असं गणित मांडलंय, आणि वर प्रत्येक द्रव्याचे भाग बदलत गेलं तर संख्या कुठल्या कुठे जाते. त्या सोळांत नागरमोथा आहे, वाळा आहे, दवणा आहे, चंदन आहे. माझ्या टेबलावर जे होतं त्यातलं बरंच काही दीड हजार वर्षांपूर्वीच्या यादीत सापडलं, याचा मला फार आनंद झाला. पण ती संख्या पाहून मी जोड्यांपासून सुरुवात केली. एका वेळी फक्त दोन तेलं.

वाळा आणि नागरमोथा ही पहिली जोडी, आणि सर्वांत जास्त वेळ तिनेच घेतला. दोन्ही मातीचे, पण समसमान घातले की नागरमोथा वाळ्याला झाकून टाकतो आणि वास जुन्या संदुकीसारखा कोंदट होतो. वाळा दोन भाग आणि नागरमोथा एक भाग झाल्यावर दोघे मोकळे झाले. मग नागरमोथा त्याहून थोडा कमी केला, तेव्हा ओल्या मुळांचा तो नेमका वास आला. त्यात चंदन घातल्यावर कडा मऊ झाल्या. चंदनाचा वास स्वतः पुढे येत नाही, तो इतरांना जागेवर ठेवतो. कपूरकाचरीने उटण्याची ओळख आणली. ती आली तेव्हा घरातल्यांना न सांगता पट्टी दिली, तर मुलगी लगेच म्हणाली, "आई, नरकचतुर्दशी!"

मधल्या थराला गुलाब हवा होता. खरं गुलाबाचं तेल एक किलो काढायला तीन-चार हजार किलो फुलं लागतात, तेव्हा ते माझ्या हाताबाहेर. तिथे रोशा गवत मदतीला आलं. परदेशात त्याला पामारोझा म्हणतात. खानदेशात, नंदुरबारकडच्या डोंगरउतारांवर आणि शेजारच्या निमाडात हे गवत मुबलक, आणि तेल काढण्याचा धंदा तिथे जुना. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून इस्तंबूलला जाई आणि तिथे गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळलं जाई. कारण साधं आहे: रोशाच्या तेलात सत्तर-ऐंशी टक्के जिरॅनिऑल असतं, आणि गुलाबाच्या वासातलाही तो एक मुख्य घटक. मला त्या भेसळीचा राग येत नाही, पण या तेलाचं नाव आपल्याकडेच कुणाला ठाऊक नसावं याचं वाईट वाटतं. त्याचा वास गुलाब अधिक गवती चहा असा आहे, आणि वाळ्याशेजारी तो गवतीपणा खटकत नाही. दोघेही अखेर गवतंच.

मोगऱ्याच्या फुलांचा वास उष्णतेत बिघडतो. साध्या वाफेवर काढलेलं तेल ताज्या फुलासारखं लागत नाही, म्हणून त्याचं ॲब्सोल्यूट वापरतात. ते द्रावकाने काढलेलं, दाट, पिवळसर. फार कमी घालायचं. दवणा आणि वेलदोडा चवीपुरते. दवण्याचं तेल विचित्र आहे, ते प्रत्येकाच्या अंगावर वेगळं लागतं. माझ्या हातावर ते सुक्या जर्दाळूसारखं होतं, नवऱ्याच्या हातावर जवळजवळ दारूसारखं.

अखेर जमलेलं प्रमाण सांगते. तेलांचे एकूण शंभर भाग धरले तर चंदन ३०, वाळा १८, रोशा १६, कपूरकाचरी १०, नागरमोथा ८, मोगरा ८, दवणा ४, वेलदोडा ४, संत्रं २. दहा ग्रॅमच्या शिशीत ही तेलं मिळून दीड ग्रॅम, म्हणजे पंधरा टक्के. थेंब मोजू नका. वाळ्याचं तेल काकवीसारखं दाट, संत्र्याचं पाण्यासारखं पातळ. दोघांचे थेंब सारखे नसतात. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा लहान काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. पण संत्रं हवं फक्त ०.०३ ग्रॅम, आणि एवढंसं त्या काट्यावरही भरवशाने येत नाही. म्हणून दवणा, वेलदोडा आणि संत्रं मी दहा टक्क्यांच्या मिश्रणातूनच घेते: ०.६, ०.६ आणि ०.३ ग्रॅम. बाकीची तेलं निव्वळ, ती १.३५ ग्रॅम होतात. उरलेली जागा भरायला ७.१५ ग्रॅम जोजोबा. आधी जड तेलं, मग फुलं, शेवटी हलकी तेलं, आणि सर्वांत शेवटी जोजोबा. गडद तपकिरी काचेची शिशी, झाकण घट्ट.

त्वचेबद्दल थोडं ठासून सांगते. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी आहे असं समजून निव्वळ तेल अंगावर लावू नये. दालचिनीच्या सालीचं तेल मी मुद्दाम टाळलं, त्याने त्वचेला ॲलर्जी होण्याची शक्यता फार. लवंग घालायची तर पूर्ण मिश्रणाच्या अर्ध्या टक्क्याच्या आतच. पिळून काढलेलं लिंबाचं आणि बर्गमॉटचं तेल लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात. गोड संत्र्याला तो धोका नाही, म्हणून मी संत्रं निवडलं. तयार अत्तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघायचं, मगच मनगट आणि मान. गरोदर बायकांनी, दम्याच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारावं, आणि घरात मांजर असेल तर उघड्या शिश्या तिच्यापासून दूर ठेवाव्या.

मिसळल्या दिवशी वास सुटासुटा येतो. रोशा एकीकडे, कपूरकाचरी दुसरीकडे, वाळा तळाशी. शिशी कपाटात अंधारात ठेवून आठवड्यातून एकदा हलक्या हाताने फिरवायची. महिनाभरात कडा जुळतात, कापराचा टोकदारपणा मऊ पडतो, आणि चंदन पुढे सरकतं. ज्याला घाई आहे त्याने मिश्रण करूच नये, सरळ रूह खस विकत घ्यावा, तोही फार सुंदर असतो.

नागपूरच्या मावसबहिणीला मी एक शिशी मे महिन्यासाठी पाठवली. तिथल्या कोरड्या उन्हात काय टिकतं हे मला बघायचं होतं. तिचा फोन आला: संत्रं तिला जाणवलंच नाही, मोगरा ऑफिसला पोचेपर्यंत होता, पण संध्याकाळी घरी आल्यावरही मनगटाला वाळा होता. "ताई, हा तर आपल्या जुन्या घरातल्या वाळ्याच्या ताट्यांचा वास," ती म्हणाली, "दुपारी पाणी मारलं की यायचा तोच." ताट्यांचा तो वास विदर्भातल्या प्रत्येकाला ओळखीचा असतो. तेव्हापासून तिच्यासाठी मी संत्रं घालत नाही, ते दोन भाग वाळ्यालाच देते.

मोगऱ्याचं विकतचं ॲब्सोल्यूट मला मनापासून पटत नव्हतं, म्हणून उन्हाळ्यात घरच्या फुलांचा वास तेलात उतरवला. मोगरा तोडल्यावरही रात्रभर वास सोडत राहतो, त्यामुळे त्याला उष्णता न लावता स्निग्ध थरावर ठेवता येतं. फ्रान्समधल्या ग्रास या अत्तरांच्या गावी हेच काम चरबीवर करत असत. मी कोकमाचं तेल वापरलं, कोकणातलं भिरंडेल. ते उन्हाळ्यातही घट्ट राहतं, म्हणून दोन भाग भिरंडेलात एक भाग रिफाइंड खोबरेल मिसळून थोडं मऊ केलं. झाकणाच्या काचेच्या डब्यात त्याचा पातळ थर दिला, काट्याने रेघा ओढल्या, आणि संध्याकाळी उमलायला आलेल्या कळ्या देठ काढून पालथ्या मांडल्या. दुसऱ्या संध्याकाळी त्या काढून नव्या. झाकणाला जमलेलं पाणी रोज पुसायचं आणि तपकिरी पडलेली पाकळी एकही राहू द्यायची नाही, नाहीतर थराला कुजका वास लागतो. मोगऱ्याचा बहर सरेपर्यंत हे चाललं. जो थर तयार झाला त्याचा वास ॲब्सोल्यूटपेक्षा फिका आहे, पण खऱ्या गजऱ्याच्या जवळचा आहे. फ्रीजमध्ये तो दिवाळीपर्यंत नीट राहिला.

त्याचं घट्ट अत्तर केलं. दहा ग्रॅमसाठी मोगऱ्याचा थर ७ ग्रॅम, मधमाश्यांचं मेण १.६ ग्रॅम आणि मोगरा वगळून बाकीची सगळी तेलं निव्वळ मिळून १.४ ग्रॅम. मेण मी महाबळेश्वरहून आणते, न गाळलेलं. त्याचा मधाळ वास या मुळांना शोभतो. मेण साठ अंशांच्या पुढे वितळतं आणि तेवढ्या उष्णतेत मोगरा उडून जाईल, म्हणून आधी मेण थोड्याशा थराबरोबर गरम पाण्यावर वितळवायचं, खाली उतरवायचं, मग उरलेला थर आणि शेवटी तेलं. कडेला धुकं धरायला लागलं की डब्यांत ओतून लगेच दहा मिनिटं फ्रीजमध्ये. सावकाश थंड झालं तर कोकमाचं तेल रवाळ होतं.

पाडव्याला हे डबे घरात वाटले. सासूबाई कोल्हापूरच्या. त्यांनी बोटाला लावून कानामागे फिरवलं, थोडा वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "वेलदोडा बासुंदीला ठेव गं. दवणा वाढव, चैत्रात जोतिबाला वाहतो तेवढा तरी येऊ दे." मी पट्टी करून पाहिली. दवणा वाढला की त्याचा फळासारखा गोडवा वाळ्याच्या थंडाव्यावर येऊन बसतो आणि चंदन कमी पडत नाही. आता कपाटात मुरत असलेल्या शिशीत दवणा सहा भाग आहे, वेलदोडा दोन.